धांदरट

“लहानपणी काही मोठा आजार?” हाडांच्या डॉक्टरबाईंनी मुलीला विचारलं.

“काही नाही,” आई म्हणाली.

मुलगी एकतीस वर्षांची. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आठ बायकांची मुकादम. पण दवाखान्यात तिच्या वतीने आईच बोलायची, फॉर्मही आईच भरायची. आज तर उजवा हातच मोडला होता.

सकाळी पुठ्ठ्यांचा एवढासा गठ्ठा उचलला आणि मनगट कट्कन मोडलं. त्याआधी पायरी उतरताना पाऊल. त्याआधी बरगडी, तीही शिंकताना! “धांदरट मेली, शिंकसुद्धा धड शिंकता येत नाही,” आईने तेव्हाही सुनावलं होतं. धांदरट हेच तिचं नाव पडलं होतं. प्लास्टर घालून घरी आली, की त्रास दिला म्हणून तीच आईची माफी मागायची.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर टाकला. “ही सत्तरीच्या बाईची हाडं आहेत. पुन्हा विचारते. लहानपणी काय झालं होतं?”

“जरा ताप आला होता.”

“किती दिवस?”

आई पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. “तीन वर्षं.”

मुलीला अल्बममधला फोटो आठवला. चार वर्षांची ती, डोक्यावर एक केस नाही. उवा झाल्या म्हणून काढले, असं आई सांगायची.

“रक्ताचा कॅन्सर,” आई पुटपुटली. “पण खडखडीत बरी झाली हो!”

“त्या औषधांनी जीव वाचतो, पण हाडं पोकळ होऊ शकतात. पुढेही तपासणीला यायला सांगितलं असेल ना तुम्हाला?”

“सांगितलं होतं. पण नेलं असतं तर हिला कळलं असतं. चार लोकांना कळलं असतं. मग हिला करून कोणी घेतलं असतं?”

करून तसंही कोणी घेतलं नव्हतं. मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आईसमोरचा फॉर्म खसकन ओढला. ‘पूर्वीचे आजार’ यापुढे आईच्या वळणदार अक्षरात ‘काही नाही’ लिहिलं होतं. डाव्या हाताने तिने त्यावर कागद फाटेल अशी रेघ मारली आणि वेडंवाकडं लिहायला लागली.

“अगं, हळू!” सवयीने आईच्या तोंडून निघालं. “धांदरट कुठली!”

मुलीने पेन थांबवलं.

“मी कधीच धांदरट नव्हते, आई.”