उंबऱ्याबाहेरची दुआ

हाजीने घरचा उंबरा ओलांडण्याआधी मागितलेली दुआ कबूल होते, म्हणून मोहल्ल्याने हजहून परतलेल्या इस्माईल परकारांना अंगणातच अडवून धरलं होतं. वाटेत मशिदीत दोन रकात नमाज पढून आलेले परकार दमले होते, तरी कुणासाठी दुबईचा व्हिसा, कुणासाठी आंब्याला मोहोर मागत राहिले.

गर्दी पांगली. दारात बायको झुलेखा उभी होती. लग्नापासून तिची एकच तक्रार होती, नवऱ्याचं घोरणं.

“तुझ्यासाठी काब्यासमोरच मागून आलोय,” परकार छाती फुगवून म्हणाले. “घोरणं पार गेलं! तिथल्या खोलीतल्या सोबत्यांना विचार.”

बायको हरखेल असं त्यांना वाटलं. ती चौकटीला दोन्ही हात लावून आडवी उभी राहिली.

“आत पाऊल टाकू नका! तुम्ही गेल्यापासून या सुन्या घरात डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. तिथूनच हात उचला आणि घोरणं परत मागा.”

“अगं, आता कुठल्या तोंडाने मागू?”

“ज्या तोंडाने घोरायचात, त्याच!”

हाजीसाहेबांनी निमूट हात उचलले. “आमीन” मात्र झुलेखाने अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं म्हटलं.