बोकडाचा होकार

आमच्या झऱ्याचा देव अथेन्सवाल्यांना ठाऊकही नाही, पण भारी हट्टी. बळीच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. त्याने मान हलवली की होकार, मगच सुरी.

यंदा बोकड माझा होता. पुजारी थेऑनने पाणी शिंपडलं. बोकड ढिम्म.

"दाजी, तुमच्यासारखाच आडमुठा आहे!" माझा मेव्हणा म्नासोन खिदळला.

"तोंड आवर," मी म्हणालो.

थेऑनने पुन्हा बोकडाच्याच डोक्यावर शिंपडलं. बोकड माझ्याकडे रोखून बघत राहिला, कोरडाच. थंडगार पाणी माझ्या कपाळावरून ओघळलं.

म्नासोनचं हसू मावळलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काय बघताय रे?" मी खेकसलो.

"दाजी," म्नासोन कुजबुजला, "मान हलवू नका."

मी कुठे हलवत होतो?

थेऑनने बोकडाचा दोर सोडला. सुरी मात्र खाली ठेवली नाही.