तीस टक्के वेगवान

माझा नवरा एका प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत, आणि माझा भाऊ तिच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपनीत. दोघांचेही नवे प्रोसेसर अजून बाजारात यायचेत. रविवारी जेवताना भावाने फुशारकी मारली, "दाजी, आमचा तुमच्यापेक्षा वीस टक्के वेगवान असणार."

"आमचा तीस!" नवरा म्हणाला. हात धुताना मात्र माझ्या कानात कुजबुजला, "आमचा अजून सुरूसुद्धा होत नाहीये. पण तुझ्या भावापुढे माघार कोण घेणार?"

सोमवारी भाव खायला म्हणून त्याने ती वीस टक्क्यांची आतली बातमी साहेबांना पुरवली. साहेबांनी धसका घेऊन सगळ्यांच्या रजाच रद्द केल्या. भाऊ-भावजयीसोबत ठरलेली आमची चौघांची समुद्रावरची सहल बोंबलली.

तेवढ्यात भावाचा फोन.

"ताई, माझं काही सहलीचं जमत नाही गं. दाजींचे ते तीस टक्के मी साहेबांना सांगून बसलो, आता सगळ्यांच्या रजा रद्द! आणि आमचा तर अजून सुरूच होत नाहीये. दाजींना बोलू नकोस हं."



मी कशाला बोलतेय? मी आणि भावजय समुद्रावर त्या दोघांच्या रिकाम्या खुर्च्यांवर पाय पसरून बसलोय.