दक्षिणेकडची बाग

भार्गवीने कुऱ्हाड आंब्याच्या खोडाला टेकवली आणि झाडाला बांधलेल्या झोळीत पहुडलेल्या माणसाला उठायला सांगितलं. तो पैसे देऊन घरात उतरलेला पुण्याचा पाहुणा होता. कानात गाणी, पोटावर शहाळं. त्याला काही ऐकू गेलं नाही. धावत आला तो तिचा थोरला भाऊ सुगतन, खास पाहुण्यांसाठी नेसलेली लुंगीसारखी जरीकाठाची मुंडू सावरत.

"चार वाजता हे बोटीवर जातील," तो दात आवळून म्हणाला. "मग घाल काय घालायचा तो गोंधळ."

अम्मा पहाटे गेली होती. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही, असं सुगतनने फोनवर सांगितलं होतं. नागपूर सोडून आता कोट्टयमला राहणारी भार्गवी पहिली बोट धरून पोचली, तर मागच्या खोलीला बाहेरून कडी. उशाशी दिवा नाही, शेजाऱ्यांना निरोप नाही. दुपारी पाहुण्यांना केळीच्या पानावर जेवायला वाढायचं होतं आणि मढं घरात असताना पानं मांडता येत नाहीत. तेव्हा मढंच नाही, असं सुगतनने ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी गाडी येईल, शहरातल्या विद्युतदाहिनीत सगळं आटपेल, कुणाला कळायचंही नाही.

भार्गवीच्या अंगाचा तिळपापड झाला. गेलेल्या माणसाला घराच्या दक्षिणेला न्यायचं आणि अंगणातला आंबा तोडून त्यावर जाळायचं, ही या घराची रीत. हा आंबा अम्माने स्वतःसाठी राखला होता. झोळीसाठी सुगतनने त्याच्या फांद्या छाटायला काढल्या, तेव्हा ती खोडाला पाठ लावून दिवसभर बसली होती. झोळीचं दुसरं टोक नारळाला बांधलेलं होतं आणि तो नारळ अच्छनच्या, म्हणजे त्यांच्या बापाच्या, चितेच्या जागी लावलेला होता. फाटकावर 'दक्षिणेकडची बाग' अशी रंगीत पाटी होती. गावातले लोक ती वाचून थुंकत. पाहुणे तिच्याखाली उभे राहून फोटो काढत.

"चेट्टा, बापाच्या राखेवर तू लोकांना झोके दिलेस," ती थोरल्या भावाला म्हणाली. "आईला तरी सोड."

"या झोक्यांवर घर चाललंय. तू नागपुरात लोकांना सुया टोचत होतीस, तेव्हा हिचं हगणं-मुतणं कुणी काढलं?"

ते खरं होतं. त्यानेच काढलं होतं. त्यामुळेच भार्गवी आणखी पेटली. तिने पाहुण्याचा दंड हलवला. वीस वर्षं नागपूरच्या इस्पितळात नर्स म्हणून काढताना कमावलेली मराठी तोंडात आली.

"दादा, उतरा. माझी आई गेलीय. हे झाड तिच्या सरणासाठी लागतंय."

माणूस इतक्या घाईने उतरला की शहाळं चिखलात गडगडलं. त्याची बायको ओसरीवरून धावत आली. त्या तर मुलीकडे गेल्यात असं आम्हाला सांगितलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. मराठी न समजणारा सुगतन आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. ताडीपासून सर्पनौकेपर्यंत सगळं पाहुण्यांना समजावून सांगणाऱ्या या माणसाला आपल्याच अंगणात काय चाललंय ते कळेना. त्याने सवयीने हात जोडले आणि हसला.

भार्गवीने पहिला घाव घातला, मग दुसरा. तिसऱ्याला पुण्याच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाई चांगली होती, तिचे डोळे भरून आले होते. पहाटे चहा घेताना तुमच्या आईंचा आवाज ऐकला, ती म्हणाली. इतकं मनापासून काहीतरी म्हणत होत्या की मी रेकॉर्ड करून ठेवलं, तुम्हाला आठवण म्हणून पाठवू का?

भार्गवीने कुऱ्हाड खाली केली. बाईने फोन पुढे धरला.

आधी पाखरं, मग कपबशीचा आवाज. मग भिंतीपलीकडून अम्मा, मल्याळममध्ये, ओढून ओढून: "बाळा, पाणी दे रे. छातीत दुखतंय. बाळा, ये ना." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसतंच पाणी. आणि मग फोनच्या अगदी जवळ एक मऊ, अदबीचा आवाज, मोडक्या हिंदीत: "प्रार्थना है, मॅडम. रोज का है."

बाईने डोळे पुसले. "अर्थ काय हो याचा?" तिने हळूच विचारलं.

सुगतनचे जोडलेले हात तसेच राहिले होते. भार्गवी त्याच्याकडे वळली आणि बाईचा प्रश्न तिने त्याला मल्याळममध्ये नीट, शब्दन् शब्द सांगितला.

"सांग, चेट्टा," ती म्हणाली. "मॅडम अर्थ विचारतायत."