पहिला जाळ

सिमेंटच्या परमिटापासून नळाच्या जोडणीपर्यंत दोन वर्षं हेलपाटे घालून रुद्रप्पा मेटाकुटीला आला होता. घर उभं राहिलं, पण त्यात राहायची तात्पुरती परवानगी कचेरीतून निघेना, आणि भाड्याची खोली सोमवारी सोडायची होती. अखेर सोलापुरी उन्हात ओव्हरशियर पाहणीला आला. संडास, मोरी, गटार, सगळं त्याच्या पसंतीस उतरलं. “साहेब, लई उनाचं आलात, चा घ्या की,” म्हणत रुद्रप्पाच्या बायकोनं नव्या चुलीत पहिला जाळ केला. ओव्हरशियरनं बशीतला चहा भुरके मारत संपवला आणि कागदावर लिहिलं, ‘चूल पेटलेली आढळली. परवानगीआधीच वापर सुरू. अर्ज नामंजूर.’ “अवो, ती तुमच्याच चासाठी पेटवली की!” रुद्रप्पा ओरडला. “असेल, पण दिसलं ते लिहावं लागतं.” तेवढ्यात आतून बायको पातेलं घेऊन आली. “अजून घोटभर घालू?” ओव्हरशियरनं बशी पुढं केली.