तिसऱ्या मजल्यावरचा अँप्लिफायर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी अक्षता, वडील हिंजवडीहून ऑफिस करून आले रे आले की गिटार अँप्लिफायरला जोडायची आणि आवाज पार शेवटपर्यंत वाढवायची. सेक्रेटरी तात्यारावांनी तिला दोन वर्षांत सात नोटिसा दिल्या. सातव्या नोटिशीत त्यांनी लिहिलं होतं, "छंद आपला आहे, कान आमचे आहेत."

मंगळवारी अँप्लिफायर बंद पडला. दुकानदाराने दुरुस्तीचे अडीच हजार सांगितले, म्हणून अक्षता तो तसाच घरी घेऊन आली. त्या संध्याकाळी पट्ट्याचे फटके, तिच्या आईचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आणि "अहो, मुलीसमोर नको" हे सगळं चारही मजल्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. जिना मात्र कुणीच चढलं नाही.

सकाळी तिचे वडील ऑफिसला गेल्यावर तात्याराव वर आले. दार अक्षतानेच उघडलं. त्यांनी तिच्या हातात पाकीट ठेवलं.

 

"अडीच हजार आहेत, सगळ्यांनी मिळून काढलेत. संध्याकाळच्या आत दुरुस्त करून आण."