मोराच्या छापाची चांदी

पोस्टकार्ड इंग्रजीत होतं, म्हणून नत्थूजी ते घेऊन ओमप्रकाशच्या चहाटपरीवर गेले. ओमप्रकाश मॅट्रिक झालेला. पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली असताना त्यानं ते खणखणीत आवाजात वाचलं आणि वर मराठीत अर्थही सांगितला.

"तुमचे मोठे साहेब वारले जी, दहा तारखेले. पोरगा मुकुंदबाबू गुरुवारी कलकत्त्याहून येऊन राहिला. हाटेलातली चांदीची भांडी नेतो म्हणते."

नत्थूजींचा चेहरा उतरला. साहेबांच्या जाण्यानं उतरला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

सिव्हिल लाइन्समधलं ते हॉटेल बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. साहेब लेकाकडे कलकत्त्याला निघाले, तेव्हा त्यांनी एक पेटी आपल्या हेड वेटरच्या, म्हणजे नत्थूजींच्या, हवाली केली. चहाचा सेट, चोवीस चमचे, सगळ्यांवर हॉटेलचा मोर कोरलेला. "घासत जा, मागवीन तेव्हा दे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी नत्थूजी ओसरीत बसून खडूची भुकटी आणि मलमलचं फडकं घेऊन ती भांडी चमकवत. मोहल्ल्यात इमानदारीचा दाखला द्यायचा तर त्यांचाच देत.

पण त्या पेटीत आता चांदी होतीच कुठं? पाच वर्षांपूर्वी बायकोच्या, भीमाबाईंच्या, पोटाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा नत्थूजींनी ती इतवारीच्या सराफ्यात विकली आणि तश्शीच पितळेची करून घेतली. वरून चांदीचा मुलामा, मोरासकट. कोणाला पत्ता लागला नाही. पुसायचं मात्र फार हलक्या हातानं. तरी किटलीच्या कानाशी पिवळं दिसू लागलंच होतं.

"त्याचे पाय धरा अन् खरं सांगून टाका," भीमाबाई म्हणाल्या.

"अन् लोकाईले काय तोंड दाखवू वं? साहेबानं माह्यावर भरोसा ठेवला होता."

"माह्यापायीच झालं हे."

"चूप राय. तू समोर आहेस, मले पुष्कळ झालं."

गुरुवारपर्यंत दोघांना अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊलाच दारात सायकलरिक्षा थांबली. सफारी घातलेला, केसांचा झकास भांग पाडलेला माणूस उतरला. "मी मुकुंद," म्हणाला. "बाबा तुमची फार आठवण काढायचे."

नत्थूजींनी पेटी उघडली आणि किटलीचा कान भिंतीकडे वळवून ठेवला. नजर तिथून हलेना. पाहुण्यानं एक चमचा उचलला, तळहातावर तोलला, मोरावरून अंगठा फिरवला.

"छान ठेवलीत," पाहुणा म्हणाला आणि झाकण लावलं. चहालाही थांबला नाही. परतीची गाडी होती म्हणे. सगळ्या मोहल्ल्यादेखत नत्थूजींनी स्वतः पेटी रिक्षात ठेवली.

"काहीच नाई म्हणलं वं त्यानं," ते घरात येऊन दोनदा म्हणाले. भांडी गेली तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले आणि दुपारी ढाराढूर झोपले. साहेबांच्या पोराच्या हाती पितळ दिलं, हे तेवढं मनातून जाईना. पण सुटलो याचं बरं वाटणं त्याहून मोठं होतं.

संध्याकाळी पुन्हा कडी वाजली. दारात एक तरुण उभा होता. डोक्याचं मुंडन केलेलं, हातात लहानशी बॅग.

"नत्थूजी ना? मी मुकुंद. गाडी आठ तास लेट झाली हो. बाबांची भांडी न्यायला आलोय."

नत्थूजी त्याच्या डोक्याकडे बघतच राहिले. मग मटकन उंबऱ्यात बसले आणि "लुटलं जी आपल्याले," म्हणून ओक्साबोक्शी रडू लागले.

आत भीमाबाईंनी देवापुढं साखर ठेवली.